अनुभव धागा: डेस्कटॉपवरील ईमेल प्रोग्रॅममध्ये आपल्याला काय बदलून हवे आहे?

गेली १७ वर्षे माझा सगळा पत्रव्यवहार संगणकावर बसवलेल्या ईमेल प्रोग्रॅममधून चालतो. ब्राउझरमध्ये मेल उघडण्याची सोय हाताशी असतानाही मी इकडेच टिकून राहिलो, कारण तीन निरनिराळी खाती एका खिडकीत दिसतात, इंटरनेट नसतानाही जुने पत्र उघडते आणि त्या पत्रांची प्रत माझ्याच डिस्कवर असते. तरीही यात काय सुधारावे असे विचारले, की बहुतेकांच्या तोंडी नव्या बटणांची यादी येते, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना तिचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून या धाग्यात एकच विनंती आहे: नेमके कोणते काम करत असताना प्रोग्रॅमने दगा दिला, त्यात आपले काय गेले आणि काय निराळे असते तर ते गेले नसते, हे सविस्तर लिहावे. प्रोग्रॅमचे किंवा सेवा देणाऱ्या कंपनीचे नाव घेऊ नये.

सुरुवात माझ्यापासून करतो. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये एका फोल्डरातील सर्व पत्रे एकाच लांबलचक मजकूर-फाइलीत एकापाठोपाठ एक साठवली जातात. ‘एमबॉक्स’ नावाची ही पद्धत युनिक्सच्या काळापासून चालत आलेली आहे. आपण पत्र पुसले, की ते यादीतून नाहीसे होते. फाइलीत मात्र पुसल्याची खूण अंगावर घेऊन ते तिथेच पडून राहते, आणि फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावरच जागा मोकळी होते. हे मला ठाऊक नव्हते. हजारो पत्रे पुसूनही डिस्क भरलेलीच का, या प्रश्नाचा शोध घेत मी त्या बटणापर्यंत पोचलो आणि ते दाबले, आणि ६ जीबीच्या फोल्डरावर काम चालू असतानाच वीज गेली. नंतर यादीत सगळे विषय दिसत होते, पण एका पत्रावर टिचकी मारली की भलत्याच पत्राचा मधला भाग उघडे, कारण कोणते पत्र फाइलीत कुठे सुरू होते याची अनुक्रमणिका आणि प्रत्यक्ष फाइल यांचा मेळ सुटला होता. अनुक्रमणिका नव्याने बांधल्यावर बरेचसे परत मिळाले; शेवटचे काही महिने मात्र गेले ते गेलेच.

मला हवे आहे ते इतकेच: कॉम्पॅक्ट करताना नवी प्रत पूर्ण तयार होऊन तपासली जाईपर्यंत जुन्या फाइलीला हात लागू नये, आणि प्रत्येक पत्र स्वतंत्र फाइलीत ठेवण्याची ‘मेलडिर’ पद्धत नव्या खात्यासाठी आपोआप निवडलेली असावी. त्या पद्धतीत एक फाइल बिघडली तर एकच पत्र बिघडते. (एमबॉक्सची एक गंमत जाता जाता सांगतो. इंग्रजी पत्रात एखादी ओळ ‘फ्रॉम’ या शब्दाने सुरू झाली, तर ती नव्या पत्राची सुरुवात समजली जाऊ नये म्हणून तिच्याआधी बाणासारखी एक खूण घातली जाते. कित्येक वर्षे मला ती समोरच्याची टंकनचूक वाटत असे.)

भाषांतरकार

माझे सारे काम मराठीतून चालते, आणि माझी तक्रार शोधाबद्दल आहे. एका ग्राहकाने ‘दुसऱ्या मसुद्यातील बदल’ अशा विषयाचे पत्र पाठवले होते. ते मी शोधले, मिळाले नाही. नाव बदलून, तारीख टाकून शोधले, तरीही नाही. शेवटी पत्र आलेच नसावे असे समजून मी ते पुन्हा मागवले, आणि ग्राहकाने काहीशा कोरड्या भाषेत कळवले, की मी त्या पत्राला उत्तरही दिले होते.

कारण पुढे कळले. ‘ऱ्या’ हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी लिहिले जाऊ शकते: एक, खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, आणि दुसरी, साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखी दिसतात. माझा कीबोर्ड पहिल्या तऱ्हेने लिहितो, ग्राहकाचा दुसऱ्या. शोधयंत्र केवळ संकेतांक जुळवून पाहत असल्यामुळे त्याच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द ठरतात. ‘करणाऱ्या’, ‘येणाऱ्या’, ‘बऱ्याच’ असे शब्द मराठीत पावलोपावली येतात, हे ध्यानात घेतले तर ही काही कोपऱ्यातली अडचण नव्हे. शोधण्यापूर्वी दोन्ही रूपे एका साच्यात आणणे एवढाच त्यावरचा उपाय आहे आणि तो अवघड नाही.

विषयाच्या ओळीचीही अशीच कथा आहे. ईमेलचे शीर्षभाग मुळात इंग्रजी अक्षरांपुरतेच आखलेले होते. इतर लिप्यांसाठी तो मजकूर तुकड्यातुकड्यांनी सांकेतिक रूपात भरण्याची पद्धत नंतर ठरली, आणि तिचे सध्या वापरात असलेले मानक १९९६ सालचे आहे. एका तुकड्याची कमाल लांबी ७५ चिन्हे. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा, वेलांटीसुद्धा वेगळी धरून, यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) ३ बाइट घेते; सांकेतिक रूपात ते आणखी फुगतात आणि तुकड्याची काही जागा खुणांतच जाते. त्यामुळे एका तुकड्यात अशी जेमतेम १५ चिन्हे मावतात आणि मराठीतला बेताचा विषयही तीन-चार तुकड्यांत विभागला जातो. तुकडा पाडताना चिन्ह मधोमध तोडू नये, असे मानकात स्पष्ट म्हटले आहे. तरी काही प्रोग्रॅम बाइट मोजून सरळ कात्री चालवतात, आणि मग दर पंधरा चिन्हांनंतर काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह उगवते. पाठवणाऱ्याला ते दिसत नाही, कारण त्याच्याकडची प्रत शाबूत असते. माझे पत्र घेणाऱ्यांना ते किती काळ दिसत होते, याचा विचारही मला करवत नाही.

लेखा विभागात काम करणारी

चुकीच्या माणसाला गेलेले पत्र, एवढेच माझ्या अनुभवाचे सार आहे. ‘प्रति’च्या चौकटीत पहिली दोन अक्षरे टाकताच प्रोग्रॅमने पूर्ण पत्ता सुचवला, मी एंटर दाबले आणि पगारपत्रक त्याच आद्याक्षरांच्या एका बाहेरच्या पुरवठादाराकडे गेले. नंतर मी ‘पत्र परत बोलवा’ असा पर्याय वापरला. त्यातून घडले एवढेच, की त्या गृहस्थांना ‘अमुक पत्र परत घेऊ इच्छिते’ अशी दुसरी सूचना गेली आणि त्यांनी पहिले पत्र कुतूहलाने उघडले.

ज्या एसएमटीपी नियमांनी पत्र पाठवले जाते, ते १९८२ साली ठरले, आणि एकदा समोरच्या सर्व्हरने पत्र स्वीकारल्यावर ते मागे घेण्याची कोणतीही तरतूद त्यांत नाही. कार्यालयाच्या स्वतःच्या यंत्रणेत ती सोय करता येते, तिच्या बाहेर नाही. म्हणून पत्र निघण्यापूर्वीच त्याला थोपवणे हाच खरा मार्ग उरतो. ‘पाठवा’ दाबल्यावर पत्र आपण ठरवू तितकी मिनिटे आउटबॉक्समध्ये थांबावे, कार्यालयाबाहेरचे पत्ते वेगळ्या रंगात दिसावेत, आणि ज्या पत्त्यावर आपण आयुष्यात एकदाच लिहिले आहे तो रोजच्या पत्त्याच्या वर कधीही सुचवला जाऊ नये. ‘सर्वांना उत्तर’ हे बटण ‘उत्तर’च्या अगदी शेजारी का असते, हे मला आजवर उमगलेले नाही.

जोडपत्र विसरल्याची आठवण करून देणारी सोय आमच्याकडे आहे, पण ती इंग्रजी शब्दांवरच जागी होते. ‘सोबत जोडले आहे’ असे लिहिले तरी ती गप्प राहते. त्या शब्दांच्या यादीत आपले शब्द भरता येतात, हे मला चार वर्षांनी कळले.

स्क्रीन रीडर वापरणारा

मला दिसत नाही. पत्रे मी ऐकतो आणि सर्व काम कीबोर्डने करतो. यादीतील प्रत्येक ओळ वाचली जाताना आधी तारांकित आहे का, मग जोडपत्र आहे का, मग आकार किती आणि शेवटी पाठवणाऱ्याचे नाव, असा क्रम असेल तर सकाळची चाळीस पत्रे चाळण्यात किती वेळ जातो, याची कल्पना करावी. क्रम ठरवण्याचा अधिकार मला हवा. त्याहून त्रासदायक गोष्ट अशी, की मी एक पत्र निवडून पुसण्याच्या बेतात असताना नवे पत्र येते, यादी सरकते आणि माझे स्थान दुसऱ्याच ओळीवर जाते. डोळ्यांना ते सरकणे दिसते, कानांना नाही. अशा रीतीने मी दोन महत्त्वाची पत्रे पुसली आहेत. एक कचरापेटीत सापडले.

मागील मोठ्या अपडेटनंतर वरच्या पट्टीतील काही बटणे केवळ ‘बटण’ अशी वाचली जाऊ लागली, कारण नव्या चित्रांना नावेच दिलेली नव्हती. रूप बदलण्यास माझा विरोध नाही. बदललेली आवृत्ती एकदा पडदा बंद करून वापरून पाहावी, इतकीच अपेक्षा आहे.

छायाचित्रकार

माझे थोडक्यात. सर्व्हरची मर्यादा २५ एमबी होती, माझी फाइल २० एमबीची होती, आणि पत्र अर्धा तास अपलोड होऊन परत आले. जोडपत्र पाठवताना त्याचे बेस-६४ पद्धतीने साध्या अक्षरांत रूपांतर होते आणि दर ३ बाइटांची ४ अक्षरे होतात, म्हणजे २० एमबीचे सुमारे २७ एमबी होतात. प्रोग्रॅमला हे गणित पाठ आहे, कारण ते रूपांतर तोच करतो. मग जोडताना फाइलीचा मूळ आकार न दाखवता पाठवला जाणारा आकार दाखवायला काय हरकत आहे?

नियतकालिकाचा संपादक

‘संभाषणानुसार मांडणी’ या सोयीने मला जितका मनस्ताप दिला, तितका लेखकांच्या विलंबानेही दिलेला नाही. प्रत्येक पत्राला एक ओळखक्रमांक असतो आणि उत्तराच्या शीर्षभागात मूळ पत्राचा क्रमांक नोंदला जातो. त्यावरून साखळी जोडली जावी, हे योग्यच आहे. पण काही प्रोग्रॅम तेवढ्यावर न थांबता विषय सारखा दिसला तरी पत्रे एकत्र गुंफतात. माझ्याकडे ‘लेख’ या एकशब्दी विषयाने पत्र पाठवणारे असंख्य आहेत. परिणामी एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले नऊ लेखक एका संभाषणात बसले, आणि त्यांपैकी एकाचा लेख मी सहा आठवडे पाहिलाच नाही. याच्या उलट, काही लेखक नवे पत्र लिहिण्याऐवजी माझे तीन वर्षांपूर्वीचे पत्र उघडून त्यालाच उत्तर देतात, आणि त्यांचा ताजा लेख जुन्या साखळीच्या तळाशी गाडला जातो. साखळी हाताने तोडता यावी व दोन साखळ्या हाताने जोडता याव्यात, आणि तो निर्णय प्रोग्रॅमने पुढेही लक्षात ठेवावा, एवढे केले तरी माझ्यापुरता प्रश्न सुटतो.

पत्राचा सारांश आपोआप करून देणारी, उत्तर सुचवणारी नवी सोय मात्र मला नको. दिली, तर ती बंद करण्याची जागा पहिल्याच पानावर असावी.

घरातील सर्वांचे संगणक सांभाळणारी

वडिलांचे खाते त्यांच्या ओळखीच्या कोणीतरी पॉप पद्धतीने (पत्रे सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेणाऱ्या) जोडून दिले होते आणि सर्व्हरवर प्रत ठेवण्याची खूण केलेली नव्हती. म्हणजे पत्र उतरले, की ते सर्व्हरवरून नाहीसे होई. डिस्क बिघडली त्या दिवशी सात वर्षांची पत्रे तिच्यासह गेली. पुढच्या वेळी मी आयमॅप (पत्रे सर्व्हरवरच ठेवून सगळ्या यंत्रांवर तीच दाखवणारी पद्धत) वापरले आणि निश्चिंत झाले. ती निश्चिंतीही खोटी होती, कारण आयमॅपमध्ये एका यंत्रावर पुसलेले पत्र सगळीकडून पुसले जाते. त्याला बॅकअप म्हणता येत नाही. खाते जोडण्याच्या पहिल्याच पडद्यावर ‘तुमची पत्रे कुठे राहतील आणि हा संगणक बंद पडला तर काय होईल’ हे दोन साध्या वाक्यांत सांगितले असते, तर वडिलांनीच मला आधी विचारले असते.

ती पत्रे परत मिळवण्याच्या खटपटीत एका जुन्या सीडीवर २००५ सालचे एक एमबॉक्स फोल्डर सापडले. त्यात आईने लिहिलेली १४ पत्रे होती. वर धागाकर्त्यांनी एमबॉक्सविषयी जे लिहिले ते खरे असेल, पण ती साधी मजकूर-फाइल असल्यामुळेच इतक्या वर्षांनी नव्या प्रोग्रॅममध्ये ती कुरकुर न करता उघडली, हेही नोंदवायला हवे. आत मात्र मराठी नव्हते. इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ होता. युनिकोड (सर्व लिप्यांतील अक्षरांना ठरलेले संकेतांक देणारी पद्धत) रुळण्यापूर्वी मराठीसाठी जे फॉन्ट वापरले जात, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत, आणि तोच फॉन्ट जवळ असल्याखेरीज मजकूर वाचता येत नसे. फॉन्टचे नाव काही पत्रांतच नोंदलेले होते. तो मिळवून बसवला, तरीही काही बदलले नाही. पत्रात सांगितलेला फॉन्ट बाजूला सारून स्वतःचाच लावावा, असे प्रोग्रॅमने परस्पर ठरवले होते, आणि ते बदलण्याची खूण सेटिंगच्या चौथ्या पायरीवर, भाषेच्या आड दडलेली होती. ती पत्राच्या वरच, उजव्या टिचकीत मिळावी, ही माझी मागणी आहे. जी पत्रे साध्या मजकुरात आहेत, त्यांच्यासाठी ‘हे एकच पत्र अमुक फॉन्टमध्ये दाखवा’ अशी सोय हवी; ती मला कुठेही मिळाली नाही.

१४ पैकी ९ पत्रे वाचून झाली आहेत. उरलेल्या ५ पत्रांत फॉन्टचे नाव नाही, म्हणून मी एकेक ओळ उचलून दुसऱ्या खिडकीत चिकटवते, तिथे जुना फॉन्ट लावते आणि वडिलांना वाचून दाखवते.