घोडी गवताच्या गोळ्या करून टाकते, दात बघावेत का?

दस्तुरीवाला:
माथेरानला माझी घोडी आहे, वय बारा-तेरा. दिवाळीनंतर फासळ्या दिसायला लागल्यात. दाण्याची चंदी कमी केलेली नाही, जंताचं औषधही झालंय. गवत तोंडात घोळवते नि ओल्या गोळ्या करून खाली टाकते. डावा लगाम ओढला की मान झटकते. नालबंद ठरल्या वेळी येतो, पण दात बघायला इथे कुणीच येत नाही. चुलते म्हणतात, रानातल्या घोड्यांचे दात कोण घासतं?

खरारा:
चुलत्यांना विचारा, रानातलं घोडं चंदी किती खातं? ते सोळा-सोळा तास चरतं, गवत दळताना जबडा आडवा फिरतो. दाण्याला तेवढा फिरत नाही. दाढा मात्र वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर येतच राहतात. त्यात वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद. म्हणून वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड झिजत नाही, तिला धार चढते. वरची गाल कापते, खालची जीभ. मान झटकणं मला त्यातलंच वाटतं.
लीद फोडून बघा, अख्खे हरभरे निघतात का. मग बाहेरून गालावर, दाढांच्या रेषेत अंगठा हलका दाबा. तोंडात हात अजिबात घालू नका.

दस्तुरीवाला:
हरभरे अख्खे निघाले, दादा. डावीकडे अंगठा लावला तर मानच काढून घेतली. एक जण डॉक्टरच्या निम्म्या पैशात दाढांची धार घासायला कानस मारून देतो म्हणतोय.

पागेवरची सई:
त्याला नको म्हणा. गुंगीचं इंजेक्शन डॉक्टरनेच द्यायचं, आणि नुसती धार आहे की दाढ हलतेय हे आधी कळायला हवं. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येतो का बघा. वरच्या मागच्या दाढांची मुळं सायनसला लागून असतात. शिवाय धार तेवढीच काढायची असते. जातं गुळगुळीत झालं की दळणार काय? तोवर चंदी भिजवून, कोंडा पातळ करून द्या. अर्धवट चावलेलं नरड्यात अडकलं की चारा नाकातून बाहेर येतो, पोटशूळही उठतो.

खरारा:
सईताई बरोबर. खर्चाचं म्हणाल तर चार-पाच घोडेवाले मिळून एकाच दिवशी डॉक्टरला वर बोलवा, येण्याजाण्याचे पैसे वाटले जातील. या घोडीला आत्ताच दाखवा. बाकीच्यांचं वर्षातून एकदा, पावसाळ्यात धंदा बसलेला असतो तेव्हा उरकायचं. अडीच ते पाच वर्षांच्या जनावराला मात्र सहा महिन्यांनी. तेव्हा दुधाच्या दाढा पडत असतात.
आपली तऱ्हाच न्यारी. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ओठ उचलून पुढच्या दातांवरून वय काढणार, दाम पाडणार, आणि घरी आणल्यावर जन्मात ते तोंड उघडणार नाही!

दस्तुरीवाला:
तिघे तयार झालेत. चुलते अजून हो म्हणत नाहीत, पण डॉक्टर कधी येणार ते दोनदा विचारून गेले.