चौकोनाच्या बाजू बाहेर फुगवायच्या आहेत – मदत हवी आहे (तातडीचं)

लेबलवाला: शेंगाचटणीच्या डब्याचं लेबल करतोय. चौकोन पाहिजे, पण चारही बाजू बाहेर फुगलेल्या, उशीसारख्या. कोपरे टोकदारच हवेत. काहीही केलं तरी कोपरे गोल होतात आणि बाजू सरळच्या सरळ. गिऱ्हाईक समोर बसलंय, लवकर सांगा.

सातरस्ता: सॉफ्टवेअर कुठलं ते सांगा की ओ आधी.

तिरपी_रेघ: सोपं आहे. आयत काढा, शेप टूलनं कोपरा धरून सरकवा. नाहीतर वरच्या पट्टीत कोपऱ्याची त्रिज्या ५ मिमी टाका. मस्त गोल होतात.

लेबलवाला: गोल नकोत म्हणून तर लिहिलंय! वाचत जावा जरा.

भुईकोट: इंकस्केप घ्या, फुकट आहे. चौकोन काढून शिफ्ट+कंट्रोल+सी, म्हणजे त्याचा पाथ (वाकवता येणारी रेघ) होतो. मग नोड टूल (रेघेवरचे बिंदू हलवायचं), कंट्रोल+ए, आणि शिफ्ट+यू दाबलं की रेघा कर्व्ह होतात. आता बाजू मधोमध धरून बाहेर ओढा. पाथ केल्याशिवाय आयताच्या बाजू वाकतच नाहीत, तुमचं तिथंच अडलेलं दिसतंय.

जकार्डवाला: इंकस्केप कशाला मध्येच? आपल्याकडं सगळे प्रेसवाले कोरलड्रॉवर. फाइल सीडीआरच, म्हणजे कोरलचीच मागतात.

भुईकोट: पीडीएफ दिली की कुणीही घेतं. आणि त्यातल्या किती जणांचं कोरल विकत घेतलेलं आहे, ते नको बोलायला.

लेबलवाला: भांडू नका. कोरलच आहे, जुनं. कंट्रोल+क्यू करून, म्हणजे आयताचा कर्व्ह करून, नोडनं ओढून बघितलं, पण चार बाजू चार तऱ्हेच्या फुगतात.

जकार्डवाला: हे आधी सांगायचं ना! एन्व्हलप टूल (अख्खा आकार कडेनं वाकवायचं) घ्या, वर सिंगल आर्क मोड निवडा. कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही दाबून बाजूचा मधला नोड बाहेर ओढा. चारही बाजू एकदम सारख्या येतील.

भूमितीमास्तर: ते सगळं अंदाजपंचे. माप हवं असेल तर वर्तुळं काढा. बाजूचा वर्ग भागिले फुगवट्याची आठपट, त्यात फुगवट्याचा निम्मा मिळवा, ही त्रिज्या. बाजू १०० मिमी, फुगवटा १० मिमी, तर १२५ + ५ = १३० मिमी. अशी चार वर्तुळं, केंद्रं चौकोनाच्या मध्यबिंदूपासून ७० मिमीवर डावीकडं, उजवीकडं, वर आणि खाली. दोन-दोन घेऊन इंटरसेक्ट करत चला, म्हणजे सामाईक भाग तेवढा उरतो. कोपरे आपोआप टोकदार येतात.

तिरपी_रेघ: या आकाराला सुपरएलिप्स म्हणतात, लंबगोल आणि आयताच्या मधला. स्टॉकहोममधल्या सर्गेल चौकासाठी डेन्मार्कच्या पीट हाइननं वापरला होता, घातांक २.५.

भूमितीमास्तर: सुपरएलिप्सला कोपराच नसतो. गिऱ्हाईकाला टोक पाहिजे.

जकार्डवाला: आमच्या चादरीत ही भानगडच नाही. ग्राफच्या चौकटी भरायच्या, वक्र म्हणजे नुसत्या पायऱ्या. लांबून बघितलं की गोल दिसतं.

सातरस्ता: अहो, त्यांना लेबल छापायचंय, चादर नाही विणायची.

लेबलवाला: एन्व्हलपनं जमलं. पण गिऱ्हाईक म्हणतंय फुगवटा जास्त झाला, ६ मिमी बास. आता नेमकं ६ कसं आणू? मास्तर, तुमच्या हिशोबानं त्रिज्या किती?

भूमितीमास्तर: बाजू १००च ना? मग २११.३ मिमी, केंद्रं १५५.३ मिमीवर. पण मधोमध मोजलं तर लेबल ११२ मिमी भरणार. डब्याची उंची किती आहे? फुगलेली बाजू झाकणाखाली गेली तर लेबल तिथूनच सुटायला लागेल.

भुईकोट: आणि ब्लीड? कटिंगची रेघ आहे तशी ठेवा. रंग तिच्या बाहेर २-३ मिमी जाऊ द्या, नाहीतर कडेला पांढरं दिसतं.

सातरस्ता: गेले वाटतं प्रेसला. उंची काय सांगितली नाही.

पुणेकर_सध्या: चटणी कुठल्या दुकानाची आहे? पुण्याला पाठवतात का?