सेकंड पीयूसीला (बारावीला) आहे, एअरफोर्सात पायलट व्हायचंय. फॉर्म भरायच्या आधी काय काय बघू?

खानापूरवाली
नमस्कार सगळ्यांना. मी खानापूर तालुक्यातली, सेकंड पीयूसी सायन्स, पीसीएमसी म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, कॉम्प्युटर. एनडीएचा (बारावीवर ऑफिसर व्हायची परीक्षा) फॉर्म भरणार आहे आणि फ्लाइंगच, म्हणजे पायलटची शाखाच पाहिजे. घरात सैन्य नवीन नाही, आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, काका पण, खरं ऑफिसर कोणच नाही त्यामुळं विचारायचं कुणाला कळेना. आत्या म्हणते बेळगावजवळ सांब्र्यात एअरफोर्स आहे की, तिथंच जाऊन भरती हो, इंटरव्ह्यूला मैसूरला कशाला मरतेस. शहरातला एक क्लासवाला लेखी आणि इंटरव्ह्यू मिळून ४५ हजार सांगालाय आणि पप्पा द्यायला तयार पण झालेत, म्हणून घाई आहे. उंची १६४, चष्मा नाही. दहावीपर्यंत मराठी मीडियम, इंग्लिश वाचते खरं बोलताना अडखळते. आधी क्लास लावू की आधी दुसरं काय करू?

रिटायर्ड_सार्जंट
बाळ, आधी आत्याला सांग की सांब्र्याला एअरमन ट्रेनिंग स्कूल आहे, तिथं वायुसैनिक घडतात, पायलट नाही. मी तिथनंच निघालो आणि २० वर्षं विमानांखाली काढली, कॉकपिटात बसलो ते फक्त रिपेरीला. आपल्याकडं एअरफोर्स म्हटलं की सगळे पायलट समजतात, मी सुट्टीवर आलो की गल्लीतली म्हातारी विचारायची विमान कुठं लावलंस म्हणून.

आता तुझं. क्लासवाल्याला एक रुपया द्यायच्या आधी डोळ्याच्या डॉक्टरकडं जा. चष्मा नाही म्हणजे नंबर नाही असं नसतं. फ्लाइंगला मायनस नंबर चालत नाही, एक डोळा ६/६ आणि दुसरा ६/९ पर्यंत, तोही प्लस नंबर असला तरच आणि काचेनं ६/६ व्हायला पाहिजे. रंग ओळखायची टेस्ट पण करून घे. उंची किमान १६२.५ लागते, मुलामुलींना सारखीच, म्हणजे तू काठावर बसतेस. खरं नुसत्या उंचीवर जाऊ नको, पायाची लांबी ९९ ते १२० सेंटीमीटरमध्ये पाहिजे, मांडी ६४ च्या वर नको आणि बसून उंची ८१.५ ते ९६. कॉकपिट ठरलेल्या मापाचं असतं, पेडलला पाय पोचला पाहिजे आणि सीटसकट बाहेर पडायची वेळ आली तर गुडघा डॅशबोर्डला आपटायला नको, म्हणून हे सगळं. घरात उंच दिसणारी पोरं इथं बाद होतात आणि तोवर क्लासची फी भरलेली असते.

निपाणीचा_विन्या
क्लासवर एवढंच. पीयूसीची फिजिक्स मॅथ्सची पुस्तकं एनसीईआरटीचीच आहेत, तीच नीट कर. मॅथ्सचा पेपर ३०० चा, १२० प्रश्न अडीच तासात, निगेटिव्ह आहे. दुसरा पेपर जनरल अॅबिलिटी ६०० चा. जुने पेपर यूपीएससीच्या साइटवर फुकट आहेत. ४५ हजारात पप्पांना नवीन गाडी घे 😄

पेडल_हुकलेला
मी बोलतो कारण माझं हुकलंय. एनडीए नाही, डिग्रीनंतर एएफकॅटनं (एअरफोर्सची स्वतःची ऑफिसर परीक्षा) गेलो होतो मैसूरला, टू एएफएसबी, म्हणजे एअरफोर्सचं ऑफिसर निवडायचं केंद्र. पहिल्या दिवशी चित्र दाखवून गोष्ट लिहायची आणि ग्रुपमध्ये चर्चा, त्यात निम्म्याच्या वर पोरं दुपारपर्यंत बॅगा उचलून स्टेशनवर. मी टिकलो, पुढचे दिवस सायकॉलॉजी, ग्राउंडवरचे टास्क, इंटरव्ह्यू, आणि शेवटी रेकमेंड झालो, म्हणजे बोर्डानं पास केलं, घरी फोन केला, आईनं शेजारी कुंदा वाटला.

आणि मग सीपीएसएस. म्हणजे कॉम्प्युटरवर पायलट अॅप्टिट्यूड बघतात. आधी विमानातल्या डायलचं ब्रीफिंग देतात आणि ते वाचायची टेस्ट, मग मशीनवर बसवतात, हातात स्टिक, पायाखाली पेडल, समोर स्क्रीनवर टार्गेट पकडायचं आणि मधेच लाइट लागली की आवाज आला की बटण. ही टेस्ट आयुष्यात एकदाच मिळते. नापास झालास तर फ्लाइंग कायमचं बंद, एनडीए असो की एएफकॅट असो कुठल्याच दारानं परत नाही. मी रेकमेंड झाल्याच्या आनंदात रात्रभर पोरांबरोबर गप्पा मारत बसलो, ब्रीफिंगला डुलक्या काढत होतो आणि डावा पेडल दाबला की काय होतं हे मशीनवर बसल्यावर आठवेना. माझ्या बॅचला अथणीकडचा एक शेतकऱ्याचा पोरगा होता, लहानपणापासून ट्रॅक्टर चालवणारा, हात एकीकडं पाय एकीकडं, तो हसत बाहेर आला. मी ग्राउंड ड्यूटीला पण मेरिटमध्ये बसलो नाही. तर तुला एकच सांगतो, आदल्या रात्री झोप. आणि ब्रीफिंगमध्ये एक शब्द कळला नाही तरी हात वर कर, लाजू नको.

खानापूरवाली
दादा वाचून वाईट वाटलं 😔 सगळ्यांना थँक्स. अजून दोन गोष्टी. माझ्या दहावीच्या मार्क्स कार्डावर नावापुढं इनिशियल आहे आणि आधारवर आडनाव पूर्ण आहे, फॉर्ममध्ये कुठलं लिहू? आणि इंग्लिशचं कुणीच सांगितलं नाही.

चिकोडी_मॅडम
नाव दहावीच्या मार्क्स कार्डावर जसं छापलंय अगदी तसंच लिही, आधार आता दुरुस्त करून ठेव, डॉक्युमेंट तपासताना रडायला नको. आपल्याकडं इनिशियलचा हा घोळ घरोघरी आहे, माझ्या भाच्याचे दोन महिने गेले होते. फॉर्म लवकर भर, सेंटर आधी येणाऱ्याला आधी मिळतं, धारवाड भरलं की लांब जावं लागतं. आणि पसंतीत एअरफोर्स आणि फ्लाइंग पहिलं टाक, घाईत आर्मी वर ठेवणारे खूप बघितलेत.

इंग्लिश: अडखळलीस तर चालतं, पाठ केलेलं चालत नाही. तिथं एक माहितीचा फॉर्म भरून घेतात, घर, गाव, मार्क, छंद, आणि इंटरव्ह्यू त्यावरूनच होतो. छंद म्हणून वाचन लिहिलंस तर शेवटचं पुस्तक कुठलं विचारणारच. आपल्या जिल्ह्याचं माहीत पाहिजे. भाच्याला सीमाप्रश्न विचारला होता, १९५६ ची राज्य पुनर्रचना, महाजन आयोग, २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलेला दावा. तो तिथं भाषण ठोकायच्या तयारीत होता. साहेबांनी शांतपणे विचारलं, तुझ्या वर्गातला कन्नड मित्र यावर काय म्हणेल? तेव्हा त्याची गाडी अडली. तू कानडी मैत्रिणींबरोबर शिकतेस, तुला सांगता येईल. घरात मराठी, कॉलेजात कन्नड आणि इंग्लिश, रोज तीन भाषा, हे तुला साधं वाटतं म्हणून सांगणार नाहीस, खरं सांग.

रिटायर्ड_सार्जंट
एक राहिलं. पीयूसीचे मार्क सोडू नको. एनडीए नाही झालं तर एएफकॅटनं फ्लाइंगला बारावीच्या फिजिक्स आणि मॅथ्समध्ये प्रत्येकी ५० टक्के मागतात. एनडीएच्या नादात त्याच्याही खाली आलेली पोरं बघितलीत. आणि मुलींचं काय होतं म्हणणाऱ्यांना सांग, एनडीएत मुलींची पहिली बॅच २०२२ ला गेली आणि २०२५ च्या मे मध्ये १७ जणी पास होऊन बाहेर पडल्या.

खानापूरवाली
अपडेट. क्लासवाल्याला नाही सांगितलं, पप्पा खूष, आत्या नाराज. डोळ्याच्या डॉक्टरची सोमवारची अपॉइंटमेंट घेतलीय. आणि काल रात्री भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले, पाय सरळ, भावानं शिवणाच्या टेपनं मोजलं, १०१ आलं 🙏

पेडल_हुकलेला
भिंतीपासून टाचेपर्यंत मोजलं की बोटांपर्यंत?

खानापूरवाली
थांबा, परत मोजायला लावते.