नोकरी-संसार सांभाळून पुन्हा शिकणाऱ्यांसाठी कॉलेजने काय करावं? सूचना द्यायच्यात, मदत करा

माणदेशी_ताई:
मी पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. बारावीनंतर लग्न झालं आणि शिक्षण थांबलं. मुलगी अकरावीला गेली तेव्हा मी तालुक्याच्या कॉलेजातल्या मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात बीएला प्रवेश घेतला. नव्या प्राचार्यांनी आमच्यासारख्या मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांकडून लेखी सूचना मागितल्यात. इतक्या आस्थेनं कुणी विचारतंय, तर मला नीट लिहायचंय.

माझ्या मते सगळ्यात आधी कार्यालयाची खिडकी. ती दुपारी दोनला बंद होते, आणि तेव्हा मी बाजारपेठेत दुकानं फिरत असते. परीक्षेचा फॉर्म, हॉल तिकीट, गुणपत्रिका, प्रत्येक कागदासाठी वसुली बुडते. संपर्कसत्रं, म्हणजे आमचे वर्ग, रविवारी असतात. आम्ही सगळे कॉलेजातच असतो, पण कार्यालयाला कुलूप. रविवारी एक माणूस दोन तास बसला तरी निम्मा त्रास जाईल.

दुसरं म्हणजे आम्हाला ग्रंथालयाचं बीटी कार्ड, म्हणजे पुस्तक घरी न्यायचं कार्ड, मिळत नाही. संदर्भाचं पुस्तक कपाटात दिसतं, घरी नेता येत नाही.

अजून काय घालू?

प्रवेश_टेबल:
ताई, मी दुसऱ्या जिल्ह्यात एका कॉलेजच्या कार्यालयात आहे. माझ्यासमोरून बायका परत जातात त्या फीपेक्षा नावामुळे जास्त. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. कुणीतरी सांगतं, नावबदलाचं गॅझेट करून आणा. बाई मान हलवते, पिशवी उचलते आणि पुन्हा येत नाही. खरं तर बऱ्याच ठिकाणी विवाह नोंदणीचा दाखला चालतो. जुन्या लग्नाची नोंद राहिली असेल, तर 1998 च्या राज्याच्या कायद्याने ती गावात ग्रामपंचायतीत उशिरानेही करता येते. हे कॉलेजने मे महिन्यातच फलकावर लावावं, म्हणजे जूनपर्यंत कागद हातात येतात. शिक्षणात पडलेल्या गॅपच्या प्रतिज्ञापत्राचा नमुनाही शेजारी ठेवावा.

रात्रशाळा_परळ:
नावाचा घोळ पुढेही नडतो. पास केलेल्या विषयांची क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, जिथे जमा होतात त्या क्रेडिट बँकेचं खातं डिजिलॉकरवरून उघडतात, तिथे आधार लागतं. नाव जुळलं नाही की काम अडतं.

मी 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी केली, आता बीकॉम करतोय. नवीन शैक्षणिक धोरणात मध्येच शिक्षण सोडून परत येता येतं असं सगळीकडे ऐकतो. पण बँकेत जमा झालेली क्रेडिट जास्तीत जास्त 7 वर्षं टिकतात. माझ्या ओळखीच्या एकाने 2003 साली एफवाय करून सोडलं होतं. त्याला वाटलं एसवायला बसता येईल. अशा माणसाला फी घेण्याआधी स्पष्ट सांगायला हवं की पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल. त्यासाठी प्रवेशाच्या दिवसांत एक प्राध्यापक फक्त आमच्यासाठी बसवा.

खडू_फळा:
मी संपर्कसत्रं घेतो. माझी एकच विनंती, सत्रं कमी करा असं लिहू नका. बरेच जण तेच मागतात, आणि मग स्वाध्याय गाईडवरून उतरवले जातात. त्यापेक्षा सत्रांचं वेळापत्रक सगळ्या वर्षाचं एकदम मागा, म्हणजे तुम्हाला कामाची पाळी बदलून घेता येते, लग्नकार्य आधीच सांगता येतं. आमच्याकडे ते आदल्या गुरुवारी व्हॉट्सअॅपवर येतं. आणि पहिलं सत्र उत्तर कसं लिहायचं यावरच ठेवायला सांगा. वीस वर्षांनी पेन धरणाऱ्याला विषय कळतो, पण दहा मार्कांचं उत्तर तीन ओळीत संपतं. वर्गात मी स्वतः फळ्यावर एक अख्खं उत्तर लिहून दाखवतो. त्यानंतर स्वाध्याय बदलतात, हे मी दरवर्षी बघतो.

पुण्यात रमाबाई रानड्यांनी 1909 साली सेवासदन काढलं ते संसारातल्या बायकांना शिकता यावं म्हणूनच. तुमची मागणी काही नवीन नाही, हक्काने करा.

माणदेशी_ताई:
सगळ्यांचे मनापासून आभार. वर्षाचं वेळापत्रक माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, ते आता खिडकीच्या खालोखाल घालते. प्रवेश_टेबल, फलकावर लावायचा मजकूर तुमच्याकडे तयार असेल तर इथेच टाकाल का? सोमवारी अर्ज द्यायचाय, सोबत जोडते.