रोझ बोल : अलाबामासमोर मिशिगनचं काय होणार?

हुरॉनकाठी (29 डिसेंबर 2023)

सोमवारी आमच्या वेळेनुसार संध्याकाळी पाचला पॅसाडिनात रोझ बोलचा, म्हणजे यंदाच्या अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या सेमीफायनलचा किकऑफ आहे आणि मला आत्तापासूनच काही सुचत नाहीये. बायको म्हणते, तेराच्या तेरा गेम जिंकलेत ना, मग एवढा जीव कशाला टांगणीला? अहो, तेच तर दुखणं आहे. नोव्हेंबरात अहमदाबादला आपण दहाच्या दहा जिंकून फायनलला उतरलो होतो. इथे पहाटे साडेतीनला उठून टीव्हीसमोर बसलो आणि हेडने 137 ठोकून सगळ्यावर पाणी फिरवलं. तेव्हापासून 'अपराजित' शब्द ऐकला की पोटात गोळा येतो.

मी 2006 साली मास्टर्ससाठी ॲन आर्बरला, मिशिगन युनिव्हर्सिटीत आलो. आल्याआल्या पहिल्याच सीझनच्या शेवटी रोझ बोलमध्ये यूएससीने 32-18 असं धुतलं. पुढच्या सप्टेंबरात ॲपलेशियन स्टेटने आमच्याच स्टेडियममध्ये येऊन 34-32 ने नाक कापलं. रोझ बोल आम्ही शेवटचा जिंकला तो 1 जानेवारी 1998 ला, वॉशिंग्टन स्टेटविरुद्ध 21-16. तेव्हा मी सांगलीत दहावीच्या प्रिलिमला बसलो होतो आणि अमेरिकेत हातात धरून पळायचा फुटबॉल असतो हेही मला माहीत नव्हतं. आमचा कोच हारबॉ 2015 मध्ये आल्यापासून बोल गेम, म्हणजे सीझननंतरची मानाची मॅच, एकच जिंकलाय : पहिल्याच वर्षी फ्लोरिडाविरुद्ध, 41-7. त्यानंतर ओळीने सहा हरलो.

शेवटच्या दोन तर सेमीफायनल होत्या. जॉर्जियाने 34-11 ने हरवलं त्याचं मला वाईट वाटत नाही, ती टीमच आमच्या वरची होती. झोंबतो तो गेल्या वर्षीचा टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) गेम. पहिल्याच प्लेला आमचा एडवर्ड्स 54 यार्ड पळाला. टीसीयूचे लोक अजून सावरले नव्हते. मग दोन यार्डांवरून फोर्थ डाउन, म्हणजे चौथी आणि शेवटची संधी, आणि आम्ही काय केलं? नुसतं सरळ घुसायचं सोडून, एरवी पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकलाच पास द्यायचा सर्कशी प्ले! सहा-सात गुण मिळायचे तिथे शून्य. पुढे आमचा क्वार्टरबॅक मॅकार्थी याचे दोन पास मध्येच पकडून (इंटरसेप्शन) त्यांनी थेट टचडाउन केले, आणि गोल लाइनला टेकल्यावर आमच्या हातून बॉल सुटला तो वेगळाच. 51-45. इतके गुण करूनही हरलो.

तर माझे प्रश्न दोन. मॅकार्थीला सांभाळणाऱ्या फळीतल्या झॅक झिंटरचा पाय ओहायो स्टेटविरुद्ध मोडला, आता त्याच्या जागी उजव्या गार्डला बार्नहार्ट आणि त्याच्या बाहेर ट्रेंटे जोन्स. अलाबामाचे डॅलस टर्नर आणि ब्रासवेल त्या बाजूने सुटले तर मॅकार्थीचं काय? आणि दुसरं, त्यांचा क्वार्टरबॅक मिलरो, त्याच्या अंगावर धावून जायचं की त्याला कोंडून ठेवायचं? 'गो ब्लू' ही आमची घोषणा लिहून पळू नका, नीट सांगा.

हंट्सव्हिलकर (29 डिसेंबर 2023)

काका, नीट सांगतो, पण ऐकवेल का बघा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच उत्तर आहे. मिलरोसारखा क्वार्टरबॅक तुम्ही या वर्षी पाहिलेलाच नाही. सप्टेंबरात साउथ फ्लोरिडाविरुद्ध आमचा कोच सेबनने त्याला बाकावर बसवलं होतं, आणि आम्ही कसेबसे 17-3 ने जिंकलो. इथे ऑफिसात लोकांनी सीझन संपला म्हणून जाहीर करून टाकलं होतं. तोच पोरगा ऑबर्नविरुद्ध फोर्थ डाउनला 31 यार्डांवरून आयझाया बॉन्डला टचडाउन टाकतो. फोर्थ अँड थर्टी-वन! मी तोपर्यंत गाडीची किल्ली हातात घेतली होती. पुढच्याच आठवड्यात आम्ही जॉर्जियाला 27-24 ने हरवलं, सलग 29 विजयांनंतर त्यांचा तो पहिला पराभव.

तुम्ही खऱ्या अर्थाने दोनच टीमशी खेळलात, पेन स्टेट आणि ओहायो स्टेट. बाकीचं वेळापत्रक म्हणजे सराव. बिग टेन फायनलला आयोवाला 26-0 हरवलंत, पण आयोवाच्या ऑफेन्सला कोण हरवत नाही? आणि आपली गाठ जुनी आहे : 2012 ला आर्लिंग्टनमध्ये 41-14, 2020 च्या पहिल्या दिवशी सिट्रस बोलमध्ये 35-16, दोन्ही वेळा आम्हीच जिंकलो.

खुणाचोरीबद्दल, म्हणजे समोरच्या टीमच्या प्लेच्या खुणा चोरल्याच्या तुमच्यावरच्या आरोपाबद्दल, मी काही बोलत नाही. फक्त एवढंच सांगतो की आमच्या पोरांना या वेळी फिल्म आपापल्या आयपॅडवर बघू देत नाहीयेत, सगळ्यांनी एकत्र बसून बघायची. का, ते तुम्हीच ओळखा.

अंदाज : अलाबामा 27, मिशिगन 17.

हुरॉनकाठी (29 डिसेंबर 2023)

2000 चा ऑरेंज बोल सोयीस्करपणे विसरलात. ओव्हरटाइममध्ये 35-34 ने आम्ही जिंकलो, आणि आमचा क्वार्टरबॅक होता टॉम ब्रेडी. असो.

खुणाचोरीचं म्हणाल तर ज्याच्यावर तो आरोप होता तो आमचा कर्मचारी स्टॅलियन्स नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच गेला. त्यानंतर हारबॉला तीन गेमची बंदी, तीही टीम पेन स्टेटला पोचते न पोचते तोच जाहीर झाली. त्या तिन्ही गेमला त्याच्या जागी असिस्टंट कोच शेरोन मूर साइडलाइनला उभा होता आणि आम्ही तिन्ही जिंकलो, त्यात तुम्ही म्हणता त्या दोन 'खऱ्या' टीमही आल्या. पेन स्टेटविरुद्ध दुसऱ्या हाफमध्ये मॅकार्थीच्या नावावर एकही पास लागला नाही. पळत राहिले नुसते, समोरच्याला माहीत असूनसुद्धा. त्यात कसल्या खुणा चोरणार?

आता मिलरोबद्दल. तो थरारक आहे, मान्य. पण तुमच्या लाइनने यंदा चाळीसच्या वर सॅक दिलेत, म्हणजे तितक्यांदा क्वार्टरबॅक पास टाकण्याआधीच पाडला गेला. लेफ्ट टॅकलला प्रॉक्टर, पहिल्या वर्षाचं पोर. आणि तो 31 यार्डांचा चमत्कार मुळात का करावा लागला? सात यार्डांवर होतात तुम्ही. मग सेंटरने स्नॅप, म्हणजे क्वार्टरबॅककडे मागे द्यायचा बॉल, भलतीकडे टाकला आणि सगळे मागे आलात. मी तो प्ले पुन्हापुन्हा पाहतो, टचडाउनचा नव्हे, त्या स्नॅपचा. आमचे मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट असे दोन पहाड नाकासमोर उभे असताना त्या सेंटरचा हात सोमवारी किती स्थिर राहतो ते बघायचंय.

कोलंबसकर (30 डिसेंबर 2023)

मी डब्लिन, ओहायोला राहतो, म्हणजे मिशिगनच्या कट्टर वैऱ्याचा, ओहायो स्टेटचा माणूस, त्यामुळे मत कोणी मागणार नाही. तरी देतो. तुम्ही हरावं अशी मनापासून इच्छा आहे.

पण प्रामाणिक सांगायचं तर ग्रॅहम-ग्रँट-जेंकिन्स यांच्यामधून पळायला आम्हालाही जमलं नाही. आम्ही गेलो ते शेवटच्या मिनिटातल्या इंटरसेप्शनने, 30-24. अलाबामाकडे आमच्या मार्विन हॅरिसनसारखा रिसीव्हर (पास झेलणारा) नाही, तुमचे विल जॉन्सन आणि सेनरिस्टिल त्यांना पुरून उरतील. मिलरोने पायाने काही केलं तरच.

हुरॉनकाठी (30 डिसेंबर 2023)

कोलंबसकर, तुमचं मत लाखमोलाचं. काल रात्री कॉटन बोलमध्ये मिझुरीविरुद्ध किती केलेत? तीन ना? एक फील्ड गोल. बाकी काही म्हणत नाही.

कोलंबसकर (30 डिसेंबर 2023)

हॅरिसन खेळला नाही, क्वार्टरबॅक मॅकॉर्ड टीम सोडून गेला, त्याच्या जागचा ब्राउन पहिल्या हाफमध्येच जखमी. 14-3. जाऊ दे. यासाठीच मी या धाग्यावर येत नाही.

औंधची_मीनल (30 डिसेंबर 2023)

मध्येच घुसते, माफ करा. भाऊ डेट्रॉइटला असतो, त्याच्यामुळे थोडंफार बघते. आमच्याकडे ही मॅच मंगळवारी पहाटे साडेतीनला लागणार. दोन शंका. एक, चारच टीम कशा काय? दुसरी, दादा, एवढं सगळं सांगितलंत, पण तुम्ही जिंकणार की नाही ते कुठे आलंय?

हुरॉनकाठी (30 डिसेंबर 2023)

मीनलताई, चार टीम एक समिती निवडते. यंदा मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास, अलाबामा. फ्लोरिडा स्टेट आमच्यासारखीच 13-0 होती, तरी त्यांचा क्वार्टरबॅक जायबंदी झाला म्हणून बाहेर ठेवली आणि एक गेम हरलेली अलाबामा आत घेतली. मला ते पटलेलं नाही. अर्थात त्यात माझा स्वार्थ आहे, सेबनपेक्षा फ्लोरिडा स्टेट परवडली असती. पुढच्या वर्षीपासून बारा टीम असणार, मग ही रडारड तेराव्या नंबरवाल्यांनी करायची.

दुसऱ्या शंकेचं उत्तर टाळत होतो, खरं आहे.

मला वाटतं, आपण जिंकू, पण एका अटीवर : कंटाळवाणं खेळायचं. आमच्या पळणाऱ्या कोरमने यंदा 24 टचडाउन पळून केलेत. दोन यार्ड हवे असतील तर बॉल त्याच्या पोटात द्या आणि मागून सगळ्यांनी ढकला. झिंटर स्ट्रेचरवरून बाहेर गेला त्याच्या पुढच्याच प्लेला हा गडी 22 यार्ड पळून टचडाउन करून आला होता. त्याच्यावर भरवसा नाही तर कोणावर ठेवायचा? मॅकार्थीने यंदा सगळी मिळून चार इंटरसेप्शन दिलीत, त्यातली तीन एकट्या बोलिंग ग्रीनविरुद्ध. म्हणजे पोरगा शहाणा झालाय. त्याला टीसीयूचं उट्टं काढायला लावू नका.

मिलरोच्या बाबतीत माझं म्हणणं : कडेच्या दोघांनी सॅकच्या मोहात आत घुसायचं नाही. बाहेरची वाट अडवून उभं राहायचं, मधून ग्रॅहम-ग्रँट ढकलत येतील. टेक्सासने टस्कालूसात येऊन त्याचे दोन पास पळवले आणि 34-24 जिंकले. त्याला वेळ मिळाला तरी चालेल, पळायला जागा मिळता कामा नये. आणि आमचा डिफेन्स कोच जेसी मिंटर, त्याच्या डिफेन्सने अख्ख्या सीझनमध्ये गेममागे दहाही गुण दिलेले नाहीत, तो काही काल जन्मलेला डिफेन्स नाही.

आणखी एक. आयोवाविरुद्ध आमच्या सेमाज मॉर्गनने पंट, म्हणजे समोरच्यांनी लाथेने उडवलेला बॉल, पकडून 87 यार्ड पळवला, सगळे नाचले. सोमवारी मला तसलं काही नको. हात वर करून फेअर कॅच (पळणार नाही असं सांगून झेल) घ्यायचा आणि गप्प बाजूला व्हायचं. ऑफेन्सच्या चुका निस्तरता येतात, पंट हातातून निसटला तर अलाबामा पुढच्या दोन प्लेमध्ये टचडाउन करते. मला टर्नरपेक्षा त्याची जास्त भीती वाटते.

माझा आकडा : मिशिगन 23, अलाबामा 20. रात्री झोप लागणार नाही ती दोन्ही बाजूंनी.

हंट्सव्हिलकर (30 डिसेंबर 2023)

20 गुण तरी दिलेत, आभारी आहे. पैज लावा. तुम्ही हरलात तर महिनाभर तुमच्या प्रोफाइलवर आमचा अलाबामाचा हत्ती, आणि प्रत्येक पोस्टखाली आमची घोषणा 'रोल टाइड', देवनागरीत.

हुरॉनकाठी (30 डिसेंबर 2023)

लागली. तुम्ही हरलात तर मक्याच्या दाण्यासारखा पिवळा मिशिगनचा एम, आणि तोही मार्चपर्यंत.

कोलंबसकर (30 डिसेंबर 2023)

दोघंही हरण्याची काही सोय आहे का?