मदत हवी आहे: गरोदरपणात लोहाच्या गोळ्या चालू असूनही हिमोग्लोबिन खाली

मृण्मयी_राजारामपुरी:
हिमोग्लोबिन परत उतरलंय. गोळ्या चालू आहेत, खाणं व्यवस्थित आहे, तरी दोन जिने चढले की धाप लागते. सासूबाई म्हणतात, बाळ रक्त ओढून घेतंय. डॉक्टर शनिवारशिवाय भेटत नाहीत. लवकर सांगा प्लीज.

पन्हाळ्याची_लेक:
ताई, कितवा महिना? किती होतं, किती झालं?

बाबासो_कागल:
गूळ-खजूर चालू करा. आमच्यात दोन्ही बाळंतपणं त्यावरच निभावली. गूळ काळपट बघून घ्या, पिवळाधमक नको.

मृण्मयी_राजारामपुरी:
सहावा संपत आलाय. ११.८ होतं, आता १०.३.

निवृत्त_सिस्टर:
बाळ रक्त पीत नाही, बाळा. आईचं आणि बाळाचं रक्त वारेत एकमेकांत मिसळतच नाही. मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू, साखर, लोह पलीकडे जातं. या दिवसांत आईचं रक्त जवळजवळ दीडपट होतं. तांबड्या पेशी वाढतात, पण पाणी त्याहून जास्त वाढतं, म्हणून आकडा उतरतो. रश्श्यात चमचाभर चटणी वाढवली आणि तांब्याभर पाणी ओतलं, तर तो फिकाच लागणार ना? पातळ रक्त वारेतून सहज फिरतं, आणि बाळंतपणात जाणाऱ्या रक्ताची बेगमीही आधीच होते. थोडी धाप त्या दिवसांची असते. पण या महिन्यांत १०.५च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात, त्यामुळं १०.३ अंगावर काढू नका. गोळी कधी घेता?

मृण्मयी_राजारामपुरी:
सकाळी चहा झाला की लगेच. कॅल्शियमचीही तेव्हाच, विसरायला नको म्हणून.

निवृत्त_सिस्टर:
तिथंच घोळ आहे. चहा आणि कॅल्शियम दोन्ही लोह अंगी लागू देत नाहीत. लोहाची गोळी चहापासून दोन तास लांब, लिंबूपाण्याबरोबर घ्या. कॅल्शियम जेवणानंतर, वेगळ्या वेळी. शौचाला काळं झालं तर घाबरू नका.

शाहूपुरी_तालीम:
कोल्हापुरात गंगावेशीत म्हशी पिळतात, तिथं नेऊन म्हशीचं धारोष्ण दूध पाजा की रोज. लई ताकद येते.

पन्हाळ्याची_लेक:
पोटुशी बाईला कच्चं दूध? अजिबात नको. त्यातून ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून येणारा ताप होतो, गर्भ पडायची भीती असते. आणि दुधात लोह नसल्यातच जमा.

शाहूपुरी_तालीम:
आमच्या तीन पिढ्या पितायत, कुणाला काय झालं न्हाई.

बाबासो_कागल:
दुधाचं राहू द्या, गुळाचं कुणीच बोलंना.

निवृत्त_सिस्टर:
बाबासो, खाऊ दे की गूळ. पण गोळीचं काम गूळ करत नाही. मृण्मयी, बसल्या जागी धाप, छातीत धडधड किंवा तोंडावर सूज आहे का? असेल तर शनिवारची वाट बघू नका, आत्ताच सीपीआर, आपला सरकारी दवाखाना, गाठा.

करवीरची_आई:
पहिलं बाळ असेल तर मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात. अंगणवाडीत विचारा.

मृण्मयी_राजारामपुरी:
सूज नाही, धडधड नाही, बसलं की धाप थांबते. उद्यापासून गोळी अकराला, लिंबूपाण्याबरोबर. सासूबाईंनी मोबाइलवर गजर लावून ठेवलाय. रिपोर्ट घेऊन शनिवारी जातेच.

शाहूपुरी_तालीम:
मग उकळून तरी प्या.