मदत हवी आहे : टायटॅनियम मिश्रधातूच्या कोल्ड स्प्रे थरातील सच्छिद्रता

टीआय-६एएल-४व्ही या मिश्रधातूच्या (टायटॅनियममध्ये सुमारे ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम) भुकटीपासून कोल्ड स्प्रे पद्धतीने, म्हणजे वायूच्या झोताने कण अतिवेगाने पृष्ठभागावर आदळवून, काही मिलिमीटर जाडीचे थर रचण्याचा प्रयत्न मी करीत असून, त्यात उरणाऱ्या सच्छिद्रतेबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. भुकटी गोलाकार कणांची, १५ ते ४५ मायक्रॉन आकाराची आहे. वाहक वायू म्हणून सुमारे ५० बार दाबाचा आणि १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेला नायट्रोजन वापरतो. (हे आकडे ऐकून ‘कोल्ड’ हे नाव विनोदी वाटेल, परंतु कण वितळत नाहीत, इतकाच त्याचा अर्थ.)

शुद्ध टायटॅनियमचे कण आघाताने सहज चपटे होतात. हा मिश्रधातू मात्र अधिक कणखर असल्यामुळे कणांमधील फटी पूर्ण बुजत नाहीत आणि फवारलेला थर ठिसूळ राहतो. नायट्रोजनऐवजी हेलियम वापरला, तर त्यातील ध्वनीचा वेग जवळपास तिप्पट असल्याने कणांची गती वाढेल हे मान्य आहे, पण वायूच्या पुनर्वापराच्या यंत्रणेशिवाय तो खर्च मला परवडणारा नाही.

निर्वात भट्टीतील उष्णोपचाराने कणांमधील बंध सुधारतो, परंतु छिद्रे उरतातच. हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंग (उच्च तापमानात सर्व बाजूंनी वायूचा मोठा दाब देणे) करावे, तर पृष्ठभागापर्यंत उघडलेल्या छिद्रांत वायू शिरून ती मिटत नाहीत. मग आधी पृष्ठभाग बंदिस्त कसा करावा? की वेगळ्या प्रकारची भुकटी, उदाहरणार्थ अनियमित आकाराची, घेऊन मुळातच फरक पडेल? प्रत्यक्ष अनुभव असणाऱ्यांनी कृपया तपशिलासह लिहावे.